ठोके बिघडलेले असतानाच अ‍ॅब्लेशन करतात का?

ब्रह्मपुरी तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते लिहितात, "माझे वय ६३. रक्तदाबाची गोळी दहा वर्षांपासून सुरू आहे. गेल्या आठ महिन्यांपासून हृदयाचे ठोके अनियमित पडतात, जिना चढताना दम लागतो. औषधाने फारसा फरक पडला नाही म्हणून नागपूरच्या तज्ज्ञांनी अ‍ॅब्लेशन सुचवले आहे. पण माझे ठोके तर आजही बिघडलेलेच आहेत. आधी ते सुरळीत करून मग ही क्रिया करायला नको का? आणि ती झाल्यावर रक्त पातळ करण्याची गोळी सुटेल ना?"

यात प्रश्न दोन आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यावर मात्र जीव अवलंबून आहे. म्हणून दोन्ही क्रमाने समजून घेऊ.

आजार काय आहे?

आपल्या हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोघांना अलिंद आणि खालच्या दोघांना निलय म्हणतात. उजव्या अलिंदातील एका नैसर्गिक केंद्रातून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची सूक्ष्म लहर निघते व तिच्या तालावर सारे हृदय चालते. या आजारात अलिंदात अशा लहरी अनेक वाटांनी सैरावैरा फिरू लागतात. त्यांची गती मिनिटाला ३५० ते ६०० इतकी असते. मग अलिंद नीट आकुंचन न पावता नुसते थरथरते. त्यातल्या काही लहरी वेळीअवेळी खाली पोचतात, म्हणून नाडीला ताल राहत नाही. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण सोयीसाठी 'अलिंदकंप' म्हणू.

काहींचा अलिंदकंप येतो आणि सात दिवसांच्या आत आपोआप थांबतो. सात दिवसांहून अधिक टिकला तर तो चिवट आणि वर्षाच्या पुढे गेला तर जुनाट. आपल्या पत्रलेखकांचा आजार चिवट प्रकारात मोडतो.

तो असा मुक्काम का ठोकतो? नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील संशोधकांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९९५ साली याचे उत्तर दिले. यंत्राच्या साहाय्याने शेळीच्या अलिंदात कंप पुन्हा पुन्हा सुरू केला, तर पुढे तो अधिकाधिक वेळ टिकू लागतो आणि शेवटी थांबेनासाच होतो. म्हणजे कंपच कंपाला जन्म देतो. रानातल्या पायवाटेवरून माणसे जात राहिली की ती रुळते, तसेच हे. दिवस जातात तसे अलिंद फुगते, त्याच्या भिंतीत चिवट धागे तयार होतात. म्हणून उपचाराचा विचार करायचाच असेल तर तो लवकर करावा. 'बघू पुढच्या दिवाळीनंतर' असे म्हणण्यात नुकसान आहे.

अ‍ॅब्लेशन म्हणजे काय?

फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा डाव्या अलिंदात उघडतात. कंप पेटवणाऱ्या ठिणग्या बहुतांशी या शिरांच्या आतून येतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल हायसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले. त्यावर आजची पद्धत उभी आहे. जांघेतील शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात, दोन अलिंदांमधील पडदा सुईने भेदून डाव्या बाजूला जातात आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने वा अतिशीत फुग्याने डाग देतात. अलीकडे विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांचीही पद्धत आली आहे. वणवा पुढे सरकू नये म्हणून जंगलात जाळरेषा काढतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. हे डाग म्हणजे हृदयातील जाळरेषा. आत ठिणगी पडली तरी ती बाहेर येत नाही. छाती उघडावी लागत नाही. साधारणपणे दोन ते चार तास लागतात.

पहिला प्रश्न : बिघडलेल्या ठोक्यांत करतात का?

होय, करतात. चिवट अलिंदकंपाचे कित्येक रुग्ण टेबलावर येतात तेव्हा त्यांचा कंप सुरूच असतो. डाग कुठे द्यायचे ते शिरांच्या जागेवरून ठरते, त्या क्षणीच्या ठोक्यांवरून नव्हे. डाग पुरा बसला की नाही, हेही कंप चालू असताना यंत्रावर तपासता येते. काहींचा कंप डाग देता देताच थांबतो. पुष्कळांचा थांबत नाही. अशा वेळी रुग्ण भुलीखाली असतानाच छातीवर विजेचा एक धक्का देऊन ठोके तालावर आणतात. काही तज्ज्ञ हा धक्का आरंभीच देतात. यापैकी काहीही झाले तरी घाबरण्याचे कारण नाही. शेवटी धक्का द्यावा लागला म्हणजे क्रिया फसली, असा अर्थ मुळीच नाही.

मात्र एक गोष्ट आधी व्हावीच लागते. थरथरत्या अलिंदात रक्त साचते आणि डाव्या अलिंदाच्या एका पिशवीसारख्या कोपऱ्यात गुठळी धरू शकते. गुठळी असताना आत नळ्या फिरवल्या किंवा धक्का दिला, तर ती सुटून मेंदूत जाईल. म्हणून निदान तीन आठवडे आधीपासून रक्त पातळ करण्याचे औषध न चुकता घ्यावे लागते. तसेच अन्ननलिकेतून नळी घालून केलेल्या इकोने किंवा सीटी स्कॅनने गुठळी नाही याची खात्री सहसा करून घेतात. गुठळी दिसली तर क्रिया पुढे ढकलतात. चिडू नये, ते आपल्याच भल्याचे असते.

यश किती, धोका किती?

येऊन-जाऊन असणाऱ्या कंपापेक्षा चिवट कंपात यश कमी मिळते, हे आधीच मान्य करून जावे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टार एएफ २' या अभ्यासात अनेक देशांतील चिवट कंपाचे ५८९ रुग्ण होते. फक्त शिरांभोवती डाग दिलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण दीड वर्षानंतर कंपमुक्त होते. त्याशिवाय आणखी ठिकाणी डाग दिलेल्यांत हे प्रमाण वाढले नाही, उलट ४६ ते ४९ टक्केच भरले. काहींना दुसऱ्यांदा क्रिया करावी लागते. पहिले दोन-तीन महिने जखम भरत असताना ठोके मधूनमधून बिघडू शकतात. तेवढ्यावरून निराश होऊ नये.

जांघेत रक्त साकळणे हा नेहमीचा किरकोळ त्रास. हृदयाभोवती रक्त साचणे किंवा मेंदूत गुठळी जाणे हे गंभीर धोके अनुभवी हातांत शंभरांत एखाद्याला किंवा त्याहून कमी होतात. आपल्या डॉक्टरांना न संकोचता विचारा : माझे अलिंद किती फुगले आहे, तुम्ही अशा किती क्रिया केल्या आहेत, माझ्यासारख्या रुग्णांचे पुढे काय झाले? चांगले डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाहीत.

अ‍ॅब्लेशन सर्वांनाच लागते असेही नाही. ज्यांना काहीच त्रास नाही, वय फार आहे, त्यांना ठोक्यांची गती आवरणारी औषधे पुरतात. ज्यांना दम लागतो, ज्यांचे हृदय कमजोर होत चालले आहे, त्यांना मात्र ते विचार करण्याजोगे आहे.

दुसरा प्रश्न : गोळी सुटेल का?

येथे मी वाचकांना थोडे थांबून वाचायची विनंती करतो. ठोके सुरळीत करणे ही एक गोष्ट आणि लकवा टाळणे ही दुसरी. अ‍ॅब्लेशन पहिल्यासाठी आहे. दुसऱ्यासाठी गोळी आहे.

अलिंदकंप असणाऱ्याला लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. आपल्या भागाला लकवा नवा नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतील मृत्यूंची कारणे तपासली. सुमारे १४ टक्के, म्हणजे सातांतील एक मृत्यू लकव्याने झाला होता. मृत्यूच्या सर्व कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता. हे सारे अलिंदकंपामुळे झाले असे नाही. वाढलेला रक्तदाब हा मोठा गुन्हेगार आहे. पण ज्याला रक्तदाब आणि कंप दोन्ही आहेत, त्याने हा आकडा विसरू नये. लकव्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सिरोंच्याहून नुसते गडचिरोली २०० किलोमीटरच्या वर आहे. आपल्यासाठी लकवा होऊ न देणे हाच खरा उपचार.

म्हणून अ‍ॅब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने गोळी प्रत्येकाने घ्यायचीच. पुढे ती ठेवायची की नाही, हे ठोके कसे वाटतात त्यावर ठरत नाही. वय ६५ च्या पुढे, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, पूर्वी झालेला लकवा यांची बेरीज करून ते ठरते. कारण क्रियेनंतर कंप परत आला तरी पुष्कळांना तो जाणवतच नाही. वर्षभर कंप एकदाही परतला नाही अशा निवडक रुग्णांत गोळी थांबवण्याचा विचार करता येईल, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसते. पण तो निर्णय पुन्हा पुन्हा ईसीजी काढून तज्ज्ञांनी घ्यायचा, आपण घरी नव्हे. अ‍ॅस्पिरिन ही या गोळीची बदली नव्हे.

वाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांची गोष्ट वेगळी. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापाने पुढे हृदयाची झडप आखडते. अशा कंपात लकव्याचा धोका कितीतरी अधिक असतो. त्यांना नवी महाग औषधे नव्हे, तर जुनी वॉरफॅरिनसारखी गोळीच अधिक तारते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात दिसले. त्यांच्या बाबतीत आधी झडपेचा इलाज पाहावा लागतो.

दूर राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे

१. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. साधारणपणे ती २ ते ३ च्या दरम्यान हवी. पालेभाजी बंद करू नये, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. अंगदुखीच्या गोळ्या व जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

२. पावसाळ्यात पुराने भामरागड, सिरोंच्याकडची गावे तुटतात. मृगापूर्वीच महिना-दीड महिन्याची औषधे घरात आणून ठेवावी.

३. क्रियेनंतर पहिले दोन महिने ताप, गिळताना दुखणे, छातीत दुखणे किंवा हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही झाले, तर 'हिवताप असेल' म्हणून गावात सुई घेऊन थांबू नये. अन्ननलिकेला इजा झाल्याची ही खूण असू शकते. ती फार क्वचित होते, पण जीवघेणी असते. जिथे क्रिया झाली तिथे त्याच दिवशी फोन करावा. त्यांना विचारल्याशिवाय घशातून दुर्बीण घालू देऊ नये.

४. दारू, मग ती मोहाची का असेना, कंप परत आणते. खर्रा सोडावा. वजन, रक्तदाब, साखर, घोरणे आणि थायरॉईड यांकडे लक्ष द्यावे. याविना केलेले अ‍ॅब्लेशन म्हणजे गळक्या घराला रंग देणे.

५. खर्चाबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटून शासकीय योजनेत काय बसते ते आधी विचारावे.

पत्रलेखकांना माझे सांगणे इतकेच : ठोके बिघडलेले आहेत म्हणून क्रिया टाळू नका, आणि ठोके सुधारले म्हणून गोळी टाळू नका. इतर वाचकांनी आज एक करावे. घरातील साठीच्या पुढील माणसाच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहावी. ताल चुकत असेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.