श्वास मोजणारे मणी

मुलांनो, आपल्या कोपरगावातून वाहणारी गोदावरी तुम्ही नेहमी पाहता. हीच नदी पूर्वेकडे वाहत वाहत महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पोहोचते. गडचिरोली हा दाट जंगलांचा जिल्हा. तिथल्या लहान मुलांचे प्राण वाचवण्यासाठी झटणाऱ्या एका डॉक्टरांची आज ओळख करून घेऊ.

त्याआधी एक गोष्ट करा. घड्याळ समोर ठेवा आणि एक मिनिट आपले श्वास मोजा. पंधरा-वीस भरतील. तान्हे बाळ आपल्यापेक्षा भरभर श्वास घेते. पण खोकला झालेल्या, दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले, तर त्याला न्यूमोनिया झाला असण्याची भीती असते. न्यूमोनिया हा फुप्फुसांचा आजार आहे. वेळेवर औषध मिळाले तर बाळ वाचते. उशीर झाला तर ते दगावू शकते.

डॉ. अभय बंग यांचा जन्म १९५० साली वर्धा येथे झाला. त्यांचे बालपण गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात गेले. तेरा वर्षांचे असताना ते आणि थोरला भाऊ अशोक सायकलवरून जात होते. मोठेपणी काय करायचे, असे बोलणे निघाले. भावाने शेती सुधारण्याचे ठरवले आणि अभय यांनी खेड्यांतील लोकांचे आरोग्य!

पुढे ते नागपूरला डॉक्टर झाले. पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. मनात आणले असते तर त्यांना मोठ्या शहरात राहता आले असते. पण १९८६ साली दोघे गडचिरोलीला आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथे लोकांवर उपचार होतात आणि त्यांच्या आजारांवर संशोधनही होते.

गडचिरोलीत न्यूमोनियाने पुष्कळ मुले मरत होती. दवाखाना दूर, पावसाळ्यात वाटा बंद, हातात पैसा नाही. बाळाला डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर होई. मग डॉक्टरांनी उलटा विचार केला. बाळ दवाखान्यात येऊ शकत नाही, तर उपचारच बाळाच्या घरी का नेऊ नयेत? त्यांनी गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले.

पण एक अडचण होती. अनेक सुईणी निरक्षर होत्या. त्यांना दहा-बारापर्यंत मोजता येई. पन्नास-साठपर्यंत कसे मोजणार? ‘यांना जमणार नाही’ असे म्हणून डॉक्टर थांबले नाहीत. त्यांनी एक साधे यंत्र तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आधी हिरवे मणी, शेवटी लाल. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर समजायचे की हा न्यूमोनिया आहे!

गावातच उपचार करण्याच्या या प्रयोगाचा निकाल १९९० साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या गावांत हे उपचार झाले, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने निम्म्याहूनही कमी होते.

यानंतर त्यांनी नवजात बाळांकडे लक्ष दिले. गावातीलच स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्या घरोघर जात, बाळाचे वजन घेत, त्याला उबदार ठेवायला आईला शिकवत. बाळाच्या अंगात जंतूंचा संसर्ग पसरला, तर त्या इंजेक्शनही देत. खेड्यातील बाईने इंजेक्शन द्यावे, हे पुष्कळांना पटत नव्हते. पण आकडे बोलू लागले. त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी पूर्वी ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी ही संख्या सुमारे २५ वर आली. १९९९ साली हे संशोधन जगापुढे आले.

२०११ साली भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची योजना देशभर सुरू केली. २०१८ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

तुमच्या मोहल्ल्यात कुणाच्या घरी बाळ जन्मले की आशाताई वजनकाटा घेऊन येतात. पुढच्या वेळी त्या आल्या, की त्या बाळाचे श्वास कसे मोजतात ते नीट पाहा. गडचिरोलीच्या झोपड्यांत शिकलेला धडा आता तुमच्या दारापर्यंत आला आहे.

शब्दार्थ
तान्हे – अगदी लहान, अंगावर दूध पिणारे
दगावणे – मरण पावणे
थोरला – वयाने मोठा
सुईण – बाळंतपण करणारी बाई, दाई
निरक्षर – लिहिता-वाचता न येणारा
नवजात – नुकतेच जन्मलेले

स्वाध्याय
१. अभय आणि अशोक यांनी लहानपणी काय ठरवले?
२. बाळाला दवाखान्यात न्यायला उशीर का होई?
३. मण्यांचे यंत्र कसे वापरत? तुमच्या शब्दांत लिहा.
४. घरातील मोठ्या माणसांना विचारा : पूर्वी आपल्या भागात बाळ आजारी पडले तर काय करत? पाच-सहा वाक्ये मराठीत लिहा.