हवेचे मोजमाप : ड्रॅग शर्यतीच्या गाडीकडून एक धडा

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आयटीआय व तंत्रनिकेतनाच्या वाटेने मोटार व्यवसायात स्थिरावले आहेत. सुट्टीत भेटीस आले की ते गाड्यांविषयी भरभरून बोलतात. त्यांच्या बोलण्यातून एक प्रश्न वारंवार आमच्यासमोर येतो : गाडीच्या बॉनेटवर हवा घेणारे तोंड, म्हणजे स्कूप, बसविले किंवा दुचाकीचा एअर फिल्टर काढून टाकला, तर इंजिनाची ताकद खरोखर वाढते काय? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर आम्ही येथे सविस्तर मांडीत आहोत. त्यासाठी जेथे हवेचा थेंबनथेंब मोजला जातो, अशा अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींचे उदाहरण घेतले आहे.

शर्यतीचे स्वरूप

ड्रॅग शर्यत सरळ रेषेत होते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर जी आधी कापील ती जिंकते. ‘प्रो स्टॉक’ वर्गातील गाड्या हे अंतर साधारण साडेसहा सेकंदांत कापतात व शेवटी ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेग गाठतात. ‘टॉप फ्युएल’ हा त्याहून उग्र वर्ग आहे. तेथे वेग ताशी ५३० किलोमीटरच्या पलीकडे जातो. २००८ साली झालेल्या एका प्राणघातक अपघातानंतर या वर्गाचे अंतर १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर, इतके कमी करण्यात आले.

इंजिन हवा किती घेते?

हवेला वजन असते, हे आपण शाळेत शिकलो. एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा वर्गखोलीत सुमारे १७० किलो हवा असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल पंपाने हवे तेवढे ढकलता येते. अडचण असते ती हवा आत नेण्याची. म्हणून इंजिनाची ताकद मुख्यतः ते किती हवा पचविते यावर ठरते.

प्रो स्टॉक गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन सुमारे ८.२ लिटरचे असते. त्यास सुपरचार्जर नसतो. ते स्वतःच्या ओढीने हवा घेते. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा श्वास घेतो. मिनिटाला १०,५०० फेरे होत असतील, तर हे इंजिन सेकंदाला सुमारे ७०० लिटर हवा ओढते. गच्चीवरील ५०० लिटरची टाकी एका सेकंदाच्या आत रिकामी व्हावी, असे हे प्रमाण आहे.

हवा विरळ झाली की ताकदही घटते. डेन्व्हरजवळील एका प्रसिद्ध ड्रॅग पट्टीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,७७० मीटर होती. तेथे हवेची घनता समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत सुमारे सहाव्या हिश्शाने कमी भरते. त्यामुळे तीच गाडी तेथे मंदावत असे. उष्णतेचेही असेच आहे. १५ अंश सेल्सिअसची हवा ४० अंशांवर गेली, की तिची घनता आठ टक्क्यांनी घटते. इंजिनाच्या तापलेल्या कप्प्यातील हवेऐवजी बाहेरची थंड हवा घेण्याचे महत्त्व यातून ध्यानात यावे.

टॉप फ्युएलमध्ये हवेची अडचण दोन मार्गांनी सोडविलेली असते. सुपरचार्जर हवा दाबून आत भरतो आणि नायट्रोमिथेन हे इंधन स्वतःच प्राणवायू बाळगते. एक किलो नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो हवा पुरते. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी पट अधिक इंधन जाळता येते.

स्कूपचे शास्त्र

धावत्या गाडीच्या तोंडावर हवा आदळून थांबली, की तिच्या गतीचे रूपांतर दाबात होते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. ताशी ३४० किलोमीटरला हा वाढीव दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पाच टक्के असतो. आदर्श रचनेतही त्यातून ताकदीत चार-पाच टक्क्यांचीच भर पडते. तथापि, १,३०० अश्वशक्तीच्या आसपासच्या गाडीत, जेथे निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागावर लागतो, ही भर निर्णायक ठरते.

परंतु नुसते तोंड पुढे केल्याने हवा आत येत नाही. बॉनेटच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा घर्षणाने मंदावलेली असते. म्हणून स्कूपचे तोंड बॉनेटपासून वर उचलावे लागते. तोंडाच्या कडा गोलसर ठेवाव्या लागतात, अन्यथा तेथेच भोवरे निर्माण होतात. आतील मार्ग हळूहळू रुंद करावा लागतो, म्हणजे हवा शांतपणे मंदावते व दाब टिकतो. मार्ग एकदम रुंद केला, तर हवा भिंतींपासून सुटते व मिळविलेला दाब वाया जातो. शिवाय वर उचललेला स्कूप वायुरोधही वाढवितो. लाभ व किंमत यांचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

दिसणे आणि असणे यांतील फरक दाखविणारे एक उदाहरण देतो. शेवरोले कंपनीच्या १९६९ च्या कमॅरो गाडीस पर्यायी मिळणाऱ्या एका बॉनेटवर हवेचे तोंड मागे, चालकाच्या काचेकडे वळविलेले होते. प्रथमदर्शनी ही रचना उलटी वाटते. पण पुढून आलेली हवा काचेच्या पायथ्याशी तुंबते व तेथे दाब वाढतो. ते तोंड नेमके त्याच जागी उघडत असे. तोंड कोणत्या दिशेस आहे याहून तेथे दाब किती आहे, हे महत्त्वाचे. आणि दाब डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावा लागतो.

प्रो स्टॉक गाड्यांची ओळख बनलेले उंच स्कूप २०१६ साली नियमानेच काढले गेले. कार्ब्युरेटरच्या जागी संगणकनियंत्रित इंधन फवारणी आली आणि हवा गाडीच्या पुढील भागातून घेतली जाऊ लागली.

हवा वैरी होते तेव्हा

डॉन गार्लिट्स या विख्यात चालकाचा इतिहास येथे सांगितलाच पाहिजे. १९७० साली कॅलिफोर्नियातील एका पट्टीवर त्यांच्या गाडीचा गिअरचा भाग फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्या काळी चालक इंजिनाच्या मागे बसत असे. आग, तेल व लोखंड सारे त्याच्याच अंगावर येई. गार्लिट्स यांनी इंजिन चालकाच्या मागे नेले. असे प्रयत्न पूर्वी फसले होते, कारण गाडी सरळ राहत नसे. त्यांनी स्टिअरिंगची प्रतिक्रिया मंद केली आणि १९७१ साली त्या गाडीने शर्यत जिंकली. पुढे सर्वांनीच ती रचना स्वीकारली.

१९८६ मध्ये त्यांनी निमुळत्या नाकाची, बंद काचेची, वायुरोध कमी करणारी गाडी आणली व ताशी ४३८ किलोमीटरचा वेग गाठला. पण त्याच वर्षी न्यू जर्सीतील एका शर्यतीत त्या गाडीचे नाक वर उचलले गेले, खाली हवा शिरली आणि गाडी हवेतच वळून उलट दिशेस तोंड करून खाली आली. सुदैवाने ते बचावले. जी हवा इंजिनास बळ देते, तीच गाडीस पालथीही घालू शकते. पुढचे व मागचे पंख गाडीस जमिनीवर दाबून धरण्यासाठी असतात, शोभेसाठी नव्हे.

घरी करून पाहावयाचा प्रयोग

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गवंडी पातळी पाहण्यास जी पारदर्शक नळी वापरतात, तिचा दीड-दोन मीटरचा तुकडा घ्यावा, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा वाकवून भिंतीवर बसवावा व त्यात रंगीत पाणी निम्म्यापर्यंत भरावे. एका टोकातून हळूच फुंकर घालावी. दोन्ही बाजूंच्या पातळीत ३० मिलिमीटरचा फरक सहज पडेल. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या स्कूपला हवेकडून मिळणारा वाढीव दाब एवढाच असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अवघा ०.३ टक्के. ड्रॅग पट्टीवर ताशी ३४० किलोमीटरला हाच फरक सुमारे ५४५ मिलिमीटर होतो. तेवढा पाडण्यास छातीतला सारा जोर लावावा लागेल.

म्हणजे आपल्या रस्त्यावरील वेगात स्कूप हा केवळ दागिना आहे. त्याने मिळते ती एका फुंकरीची भर. एअर फिल्टर काढल्याने तर धूळ सिलिंडरात जाते, रिंगा व भिंती झिजतात आणि कष्टाने घेतलेली गाडी अकाली धूर ओकू लागते.

आमच्या ज्या माजी विद्यार्थ्यांची स्वतःची गॅरेजे आहेत, त्यांना आमचे एक सांगणे आहे. एखादा तरुण स्कूप बसवावयास आला, तर त्यास परत पाठवू नये. आधी ही नळी त्याच्या हाती द्यावी. आणि वेगाचीच ओढ असेल, तर ती बंद पट्टीवर, शिरस्त्राण घालून, रुग्णवाहिका उभी असताना पुरवावी, असे त्यास समजावावे. सार्वजनिक रस्त्यावर समोरून येणाऱ्याने शर्यतीत नाव नोंदविलेले नसते. जे ऐकले ते मोजून पाहावे, ही सवय आपल्या मुलांना लागली, तर या पाठाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.