एंडॉस्मॉसिस : एका जुन्या शब्दाचा पाठ

‘एंडॉस्मॉसिस’ हा इंग्रजीतील आता जुना झालेला शब्द. ग्रीक भाषेत ‘एंडॉन’ म्हणजे आत आणि ‘ओस्मॉस’ म्हणजे ढकलणे. मनुका पाण्यात ठेवली की सालीतून पाणी आत शिरते. मनुका फुगते, पण साल शाबूत राहते. या क्रियेला हे नाव एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ द्युत्रोशे यांनी दिले. आज विज्ञानाच्या वर्गात बहुधा ‘ऑस्मोसिस’ म्हणतात, मराठीत परासरण.

तरीही वरच्या वर्गांना आम्ही हा जुना शब्द आवर्जून शिकवतो. कारण तो बाबासाहेबांच्या लेखणीतला आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांनी १९१६ मध्ये ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथात हा शब्द समाजाला लावला. बाबासाहेबांनी तो १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे वापरला आणि १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बंधुता समजावताना पुन्हा वापरला.

समाजात गट असणारच. परंतु एकाचे विचार, अनुभव आणि हितसंबंध दुसऱ्यात मोकळेपणी झिरपले पाहिजेत, हा त्यामागील आशय. ‘संपर्क’ म्हटले तर तो वरवरचा वाटतो. ‘मिश्रण’ म्हटले तर वेगळेपण पुसले जाते. पडदा राहूनही आतपर्यंत पोहोचणे, हे या एकाच शब्दात सामावते. जात मात्र पडदा नव्हे, भिंत आहे.

शब्दकोशातला अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला, असे नव्हे. तो कोठून आला, कोणी कशासाठी वापरला आणि आपल्या वाक्यात तो कोणते काम करणार, हे तीन प्रश्न विचारावेत. सोपा शब्द तेच काम करीत असेल, तर अवघड शब्द बाजूला ठेवावा. विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी वापरलेला शब्द भाषेला ओझेच होतो.

पालकांनी सुटीत घरी आलेल्या मुलांना शब्दाचा अर्थ विचारू नये. वसतिगृहात एका पंक्तीत जेवताना कोणाच्या बोलीतले शब्द तुझ्या तोंडी बसले, कोणाच्या घरचे दुःख तुला कळले, एवढे विचारावे. मूल सांगू लागले, तर शब्द त्याला कळला आहे.