शिमोनाचा मचवा आणि सेक्की यांची थाळी



संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात गनेसरेत सरोवराच्या काठावरील प्रसंग सांगतो. हा उतारा वाचला की आपण लगेच पुढच्या चमत्काराकडे, फाटू लागलेल्या जाळ्यांकडे वळतो. त्याआधीची एक छोटी गोष्ट निसटून जाते. मचवा शिमोनाचा होता. रात्र फुकट गेलेली, अंग मोडून आलेले, जाळी धुण्याचे काम अर्धवट. अशा वेळी येशू त्याच्या मचव्यात बसतो आणि तो काठापासून थोडा दूर न्यायला सांगतो. ते मासळीसाठी नव्हते. काठावरच्या लोकांशी बोलता यावे म्हणून होते. शिमोनाने आपली होडी दुसऱ्यांच्या उपयोगासाठी दिली, आणि तीही त्या दिवशी काही कमाई होईल अशी आशा नसताना.

होडी ज्याची, तिचा उपयोगही फक्त त्याचाच का? संत थॉमस अक्विनास यांनी 'सुम्मा थिऑलॉजिए' ह्या ग्रंथात मालमत्तेविषयी विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. वस्तू मिळवणे, सांभाळणे, तिची व्यवस्था पाहणे हे माणसाने स्वतःचे म्हणून करावे. तसे केल्याने काम नीट होते, भांडणे कमी होतात. पण वस्तूचा उपयोग करताना मात्र ती सर्वांची आहे असे समजून, गरजवंताला देण्याची तयारी ठेवावी. म्हणजे नाखवा हा होडीचा खरा मालक आहे, ह्यात शंका नाही. प्रश्न आहे तो होडीच्या वापराचा. आणि ती होडी ज्या दर्यावर चालते, त्याचा तर कोणीच मालक नाही.

हा विचार पुस्तकातच राहू नये म्हणून एक खरी हकिगत सांगतो. फादर अँजेलो सेक्की हे इटलीतील येशूसंघीय धर्मगुरू. रोममधील वेधशाळेचे ते संचालक होते आणि ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे वर्ग पाडणारे खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत होते. तेव्हा पोपमहाशयांच्या ताब्यात राज्य होते, आणि छोटेसे का होईना नौदलही होते. (आज ऐकायला विचित्र वाटते खरे!) त्या नौदलाचे प्रमुख अलेस्सांद्रो चियाल्दी यांना समुद्राचे पाणी किती स्वच्छ आहे हे मोजायचे होते. त्यांनी सेक्की यांना बोलावले. 1865 च्या एप्रिल महिन्यात, 'निष्कलंक गर्भसंभव' असे नाव असलेल्या पोपमहाशयांच्या आगबोटीवरून, सेक्की यांनी दोरीला बांधलेल्या गोल थाळ्या समुद्रात सोडल्या. थाळी दिसेनाशी झाली की दोरी किती सोडली ते मोजायचे. बस्स, इतकेच! जिने आकाश पाहिले ती नजर त्या दिवशी पाण्यात खाली वळली.

ह्या साध्या उपकरणाला पुढे 'सेक्की डिस्क' हे नाव पडले. थाळी लवकर दिसेनाशी झाली, तर पाण्यात काहीतरी जास्त आहे. किनाऱ्याजवळ तो बहुधा गाळ असतो. खोल समुद्रात मात्र मुख्यतः ते प्लवक असतात, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. प्लवकांना लहान जीव खातात, त्यांना मासळी खाते आणि मासळी आपण खातो. शिवाय पृथ्वीवर जेवढा प्राणवायू वनस्पतींपासून तयार होतो, त्यातील जवळजवळ अर्धा ह्या समुद्री वनस्पतींचा असतो. समुद्राचा रंग उपग्रहावरून मोजायला 1978 नंतर सुरुवात झाली. त्याआधीच्या शंभर वर्षांत समुद्र कसा होता, हे सांगणारी सर्वांत लांब नोंद ह्या थाळीचीच आहे.

2010 मध्ये काही शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी एकत्र करून असा निष्कर्ष काढला की, 1950 पासून जगातील प्लवक सुमारे 40 टक्क्यांनी घटले. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर जोरदार हरकत घेतली. वाद मिटवायचा तर नोंदी हव्यात, आणि नोंदी घ्यायला बोटी हव्यात. संशोधनाच्या बोटी थोड्या, त्यांचा एका दिवसाचा खर्च प्रचंड, आणि समुद्र तर अफाट! तेव्हा इंग्लंडमधील प्लिमथ येथील प्लवकतज्ज्ञ डॉ. रिचर्ड कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये जगभरच्या खासगी बोटमालकांना हाक दिली. 30 सेंटिमीटर व्यासाची पांढरी थाळी घ्या, बुडवा, खोली मोजा आणि मोबाईलवरून कळवा. शिडाच्या बोटी घेऊन हौसेने फिरणारे लोक हे काम करू लागले. पोपमहाशयांच्या आगबोटीवर एका धर्मगुरूने केलेला प्रयोग, दीडशे वर्षांनी, कोणीही सामान्य माणूस आपल्या होडीवरून करू लागला.

अशा कामाला 'श्रीमंतांचे चोचले' म्हणणारे लोक आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मोठ्या चैनीच्या नौका भरमसाट डिझेल जाळतात, आणि एक मोजमाप कळवल्याने तो धूर धुतला जात नाही. तरीही कॅप्टन चार्ल्स मूर यांचे उदाहरण आम्हाला विचार करायला लावते. कॅलिफोर्नियाचे हे गृहस्थ फर्निचर दुरुस्तीचा व्यवसाय करीत. 1997 साली हवाई बेटापर्यंतची शिडाच्या बोटींची शर्यत संपवून ते आपल्या 'अल्गिटा' नावाच्या बोटीने घरी निघाले. वारा पडलेला असतो म्हणून दर्यावर्दी जो भाग टाळतात, त्या भागातून त्यांनी बोट नेली. तिथे रोज, जेव्हा पाहावे तेव्हा, प्लास्टिकचा कुठला ना कुठला तुकडा तरंगताना दिसे. घरी येऊन हळहळ व्यक्त करणे सोपे होते. मूर 1999 मध्ये त्याच बोटीने, बारीक जाळी घेऊन, परत तिथे गेले. अकरा ठिकाणी पाणी गाळले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब असा: प्लास्टिकचे वजन प्लवकांच्या वजनाच्या सुमारे सहापट. संख्येने मात्र प्लवकच जास्त होते, हेही त्यांनी लपवले नाही. 'पॅसिफिकमध्ये कचऱ्याचे बेट आहे' असे आपण ऐकतो. तसे उभे राहता येईल असे बेट नाही. पसरलेले बारीक तुकडे आहेत, आणि म्हणूनच ते काढणे इतके कठीण आहे.

आपल्या देशात बोटमालक म्हणजे मुख्यतः मच्छीमार. त्यांच्याकडे शर्यतीसाठी वेळ नाही, परंतु दर्यावर त्यांच्याइतके कोण असते? केरळमध्ये कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात 2017 मध्ये अशी योजना सुरू झाली की, जाळ्यात आलेले प्लास्टिक पुन्हा पाण्यात न फेकता पिशवीत भरून किनाऱ्यावर आणायचे. ते धुऊन, बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरले गेले. धुण्या-निवडण्याच्या कामातून तिथल्या स्त्रियांना रोजगार मिळाला. आपल्या महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2018 मध्ये ठरवले की, जाळ्यात सापडलेले कासव, देवमासा किंवा बहिरी यांसारखा संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. त्यासाठी सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रीकरण लागते. म्हणजे भरपाईच्या प्रत्येक अर्जासोबत कोणता जीव, कुठे, केव्हा, ही माहितीही किनाऱ्यावर येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जाळे कापणाऱ्याचे नुकसान जाळ्यापुरते नसते. त्या खेपेची मासळी जाते, डिझेल जाते, खलाशांचा रोज द्यावाच लागतो. शहरात बसून 'कासवे वाचवा' म्हणणाऱ्यांनी, आणि वेदीवरून तेच सांगणाऱ्या आम्हीही, हे विसरू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' ह्या 2015 च्या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले आहे. नाखव्याचा त्याग मागायचा असेल, तर त्याचा हिशेबही आपण ऐकायला हवा. भरपाईचा अर्ज भरून देणे, कागद जोडणे, कार्यालयात पाठपुरावा करणे हे काम आपल्या धर्मग्रामातील शिकलेली तरुण मुले सहज करू शकतात. ते त्यांनी करावे.

आता थाळीविषयी. वसईच्या किनाऱ्याजवळचे पाणी खाड्यांच्या गाळाने मातकट असते. तिथे मोजले तर फक्त चिखल मोजल्यासारखे होईल. पण आपले मोठे मचवे खूप बाहेर जातात. किनाऱ्यापासून दूर, तळ लागणार नाही अशा खोल पाण्यात, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने थाळी सोडायची. ती नजरेआड होताच दोरीवरची खूण पाहायची. वावाच्या हिशेबात खोली सांगणाऱ्या आपल्या तांडेलांना ह्यात नवीन काहीच नाही. बादलीचे पांढरे झाकण, मधोमध भोक, खाली पाव किलोचे वजन, आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा केलेली दोरी. खर्च नगण्य.

पावसाळी बंदीच्या 1 जून ते 31 जुलै ह्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात आणि जाळी विणण्याचे, दुरुस्तीचे काम चालते. त्या दिवसांत तरुणांनी अशा पाच थाळ्या तयार करून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. हंगामाच्या सुरुवातीला होड्यांना आशीर्वाद देताना त्या वेदीजवळ ठेवल्या जातील. ज्या नाखव्यांना हव्या असतील त्यांनी मिस्सानंतर धर्मग्राम कार्यालयात नाव द्यावे. सोबत एक वही मिळेल. तीत तारीख, वेळ, जागा आणि खोली एवढेच लिहायचे आहे.