तारेचा मूळ स्वर

गिटारची सर्वांत जाड तार सुरात असताना सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. मात्र तिच्या नादात १६५, २४७ अशा पटींतील उपस्वरही मिसळलेले असतात आणि पुष्कळदा तेच मूळ स्वराहून प्रबळ ठरतात. सर्वांत प्रबळ कंपनालाच मूळ स्वर मानणारे यंत्र येथे फसते. ते स्वतः खुंटी फिरवणारे असेल, तर सुरात असलेली तार एक सप्तक चढी समजून ते ती सैल करत सुटेल! त्यापेक्षा ध्वनिलहर तिच्याशीच ताडून तिची पुनरावृत्ती किती काळाने होते, हे मोजणे अधिक भरवशाचे. या तारेसाठी तो काळ सुमारे १२ मिलिसेकंद असतो. शिवाय छेडल्याक्षणी स्वर किंचित चढा असतो. तो स्थिरावल्यावरच मोजणी करावी.