प्रिन्स ऑफ पर्शिया: कोणता भाग घ्यावा, किती पैसे लागतील

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे नाव स्टीम या ऑनलाइन स्टोअरवर शोधलं की याच नावाचे इतके खेळ समोर येतात की नवख्याचा गोंधळ उडावा. सगळे क्रमानं खेळण्याची काही गरज नाही. १९८९चा मूळ खेळ फुकटात खेळा. २००३चा ‘द सँड्स ऑफ टाइम’ सेलमध्ये विकत घ्या. लॅपटॉप किंवा फोन बऱ्यापैकी असेल तर २०२४चा ‘द लॉस्ट क्राउन’ घ्या. बाकीच्या भागांवर पैसे घालण्याआधी थांबा.

मूळ खेळ आपल्या शहरातल्या चाळिशी-पन्नाशीतल्या अनेकांना आठवत असेल. नव्वदच्या दशकात संगणकाचा क्लास लावलेल्यांनी डॉसच्या काळ्या पडद्यावर तो पाहिला आहे. जॉर्डन मेकनर या तरुणानं आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. म्हणून तो इतक्या वर्षांनीही खऱ्या माणसासारखा धावतो, कठड्याला लोंबकळतो, तोल सावरतो. बारा टप्पे आणि साठ मिनिटं, एवढाच कारभार. सुरुवातीला हातात तलवारही नसते, ती पहिल्याच टप्प्यात शोधावी लागते. देवगिरी किल्ल्याच्या ‘अंधारी’ या भुयारी वाटेतून वर चढताना शत्रूची जशी पावलोपावली कोंडी व्हायची, तशीच इथे खेळणाऱ्याची होते. इंटरनेट अर्काइव्हच्या संकेतस्थळावर हा खेळ ब्राउझरमध्येच चालतो. काही उतरवून घ्यायला नको, की खातं उघडायला नको. बाण असलेली बटणं आणि शिफ्ट एवढ्यावर भागतं, त्यामुळे जुना ऑफिसचा संगणकही पुरतो. घरातल्या मुलांना दाखवायचा असेल तर मी हाच आधी दाखवीन.

पैसे मोजावेत असा पहिला भाग म्हणजे ‘सँड्स ऑफ टाइम’. त्याची गोष्ट सुरूच होते भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्यापासून आणि नायिका फराह ही त्याच महाराजाची मुलगी. राजपुत्राच्या हाती असा खंजीर लागतो की चुकलेली उडी काळ मागे फिरवून पुन्हा मारता येते. ही युक्ती केवळ सोय म्हणून आलेली नाही, सगळी गोष्टच तिच्यावर उभी आहे. आठ-दहा तासांत खेळ पूर्ण होतो, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाला दोन शनिवार-रविवार पुरे. गॉग या स्टोअरवर त्याची किंमत सुमारे १० डॉलर. डॉलर ९० रुपयांच्या आसपास धरला तर ९०० रुपये. पण एवढे देऊ नका. वर्षातून अनेकदा तो ७५ ते ८० टक्के सवलतीत मिळतो, तेव्हा दोनशे-सव्वादोनशे रुपयांत काम होतं. गॉगची प्रत एकदा उतरवली की इंटरनेटशिवाय चालते आणि पेन ड्राइव्हवर जपूनही ठेवता येते, म्हणून मी तीच सुचवतो. अडचण एकच: खेळ जुना असल्यानं आजच्या रुंद पडद्यावर नीट बसत नाही. चाहत्यांनी बनवलेली एक छोटी दुरुस्ती-फाइल फुकट मिळते, ती टाकली की चित्र सुधारतं. कीबोर्डवर बोटं अवघडतात. वायरचा साधा गेमपॅड हजार-दीड हजारात येतो. खेळापेक्षा तो महाग पडला तरी पुढे सगळ्याच खेळांना उपयोगी पडेल. आपल्या शहरात कॅनॉटमधल्या किंवा पैठण गेटच्या दुकानात ऑनलाइन किंमत दाखवून घासाघीस करा.

‘नवीन येणार आहे ना, मग जुना कशाला?’ असं म्हणत पुष्कळजण थांबून राहिले. याच खेळाची नवी आवृत्ती युबीसॉफ्ट या कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती. इतकं मोठं नाव आपल्या राज्यात घडतंय याचा आनंद मलाही झाला होता. सप्टेंबर २०२०मध्ये घोषणा झाली, २१ जानेवारी २०२१ ही तारीख ठरली. मग ती मार्चवर गेली, नंतर तारीखच उरली नाही. मे २०२२मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं आणि २१ जानेवारी २०२६ला, ठरलेल्या पहिल्या तारखेपासून नेमक्या पाच वर्षांनी, कंपनीनं ते रद्द केल्याचं जाहीर केलं. पुण्या-मुंबईतल्या कलाकारांची मेहनत लोकांसमोर यायला हवी होती, याची खंत वाटते. ग्राहकापुरतं सांगायचं तर आता वाट पाहण्यासारखं काही नाही, जुनाच घ्या.

‘द लॉस्ट क्राउन’ची गोष्ट स्वतंत्र आहे, आधीचं काहीही खेळलेलं नसलं तरी चालतं. नायक सारगोन, जागा काफ पर्वत आणि संवाद फारसीतही ऐकता येतात. मोठ्या नकाशात वाट अडली तर त्या जागेचं छायाचित्र नकाशावरच टाचून ठेवता येतं. रोज थोडा वेळ खेळणाऱ्याला ही सोय फार मोलाची. वीसेक तास सहज जातात. तो ५० डॉलरला बाजारात आला होता, आता सेलमध्ये निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. संगणकाला किमान ८ जीबी रॅम, जीटीएक्स ९५० इतपत ग्राफिक्स कार्ड आणि ३० जीबी जागा लागते. ३० एमबीपीएसच्या फायबरवर ३० जीबी उतरायला सव्वादोन तास धरा. रोजच्या २ जीबी मोबाइल डेटावर तेच पंधरा दिवसांचं काम होईल. फोनवर तो एप्रिल २०२५पासून आहे. सुरुवातीचा भाग फुकट आणि आवडला तरच एकदा पैसे. म्हणून लॅपटॉपबद्दल शंका असलेल्यांनी आधी फोनवर चाखून पाहावा.

आता सोडायचे भाग. ‘वॉरियर विदिन’ (२००४) आणि ‘द टू थ्रोन्स’ (२००५) ही ‘सँड्स’ची पुढची गोष्ट. ‘सँड्स’ मनापासून आवडला तरच घ्या, तेही याच क्रमानं. दोन्हींना अमेरिकेत सतरा वर्षांवरील मुलांसाठीचं मानांकन आहे. पहिल्यात रक्तपात आणि तोकडे कपडे भरपूर, तेव्हा शाळकरी मुलाला देऊ नका. २००८चा भाग डोळ्यांना सुंदर वाटतो, पण त्याचा उपसंहार पीसीवर कधी आलाच नाही. ‘द फर्गॉटन सँड्स’ (२०१०) नाही खेळला तरी काही बिघडत नाही. ‘द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया’ मात्र मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा, वेगळ्या जातीचा खेळ आहे. तशी आवड असेल तर सेलमध्ये पाहा.

पैसे भरताना एवढं लक्षात ठेवा: स्टीमवर किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआय चालतं. गॉगसाठी कार्डावर परदेशी व्यवहार सुरू असावे लागतात आणि बँक वरून दोन-साडेतीन टक्के घेते. ‘फ्री डाउनलोड’वाल्या साइट टाळा. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात त्याला शंभर-दोनशे रुपयांसाठी धोक्यात घालू नका. मोठे सेल जूनच्या अखेरीला आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात लागतात. घेतल्यावर त्याच रात्री खेळ सुरू करून बघा: स्टीम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत करतं, गॉग ३० दिवस देतं.