यंत्राचे परसदार

गेल्या पावसाळ्यातील एक हकीकत सांगतो. आमच्या परिचयाच्या एका संस्थेचा सर्व्हर, म्हणजे सर्वांची कागदपत्रे सांभाळून मागेल त्यास ती पुरविणारा संगणक, निपाणीस ठेवलेला होता. त्याची देखभाल करणारे गृहस्थ मात्र बेळगावास राहत. एका रात्री वीज गेली. पहाटे ती आली, पण सर्व्हर काही जागा होईना. शिष्यवृत्तीचे अर्ज पाठविण्याचा तो शेवटचा दिवस, आणि मुलांची सारी माहिती त्या यंत्रात अडकलेली! गृहस्थ पहिल्या बसने सुमारे ७५ किलोमीटर धावले. पडदा जोडून पाहतात तो एकच ओळ: 'कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा.' त्यांनी कीबोर्ड जोडून कळ दाबली आणि यंत्र सुरू झाले. अर्ज सायंकाळी कसेबसे वेळेत गेले. एका कळीसाठी जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरांचा प्रवास!

आता कोणी विचारील, इंटरनेट असता प्रवास कशाला? याचे उत्तर ध्यानात घेण्याजोगे आहे. दुरून धाडलेली आज्ञा सर्व्हरमधीलच एक प्रोग्रॅम ऐकत असतो. यंत्र पुरते सुरूच झाले नाही, तर तो प्रोग्रॅमही निद्रिस्तच राहणार. बेशुद्ध रोग्यालाच प्रकृतीची चौकशी करावी, तसा हा प्रकार होय.

आमच्या कोंकणी लोकांच्या जुन्या घरांस पुढच्या दाराखेरीज एक परसदार असते. पुढची कडी अडकली, तरी परसातून घरात शिरता येते. यंत्रालाही असेच परसदार हवे. पडदा व कीबोर्ड मिळून जे नियंत्रणाचे स्थान होते, त्यास कन्सोल म्हणतात. हे स्थान दूर अंतरावरून हाताळता आले, की परसदार उघडले.

आपल्या शेतकऱ्यांस ही कल्पना परकी नाही. रात्री-अपरात्री विहिरीवर मोटार चालू करावयास जाण्याचे कष्ट त्यांना ठाऊक आहेत. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे उपकरण तयार केले. त्यामुळे वीज आहे की नाही हे मोबाइलवरून कळते आणि मोटार घरबसल्या चालू-बंद करता येते. दुरून पाहणे आणि दुरून करणे, ही दोन्ही कामे येथे साधतात.

मोठ्या सर्व्हरमध्ये याच कामासाठी एक चिमुकला स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले, तरी वीजपुरवठा असेपर्यंत तो जागा राहतो. अशा व्यवस्थेचा आयपीएमआय नावाचा सामायिक नियम इंटेल व इतर कंपन्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. परंतु लहान संस्थांच्या साध्या संगणकांत ही सोय बहुधा नसते. तेथे रास्पबेरी पाय उपयोगी पडतो. मुलांनी संगणकविद्या शिकावी या हेतूने इंग्लंडातील केंब्रिज येथे घडविलेला हा पत्त्याच्या आकाराचा संगणक २०१२ साली ३५ डॉलरांस मिळू लागला. त्यावर चालणाऱ्या 'पायकेव्हीएम' या रचनेत तो सर्व्हरच्या पडद्यावरील चित्र टिपून आपल्याकडे धाडतो आणि आपण दाबलेली कळ स्वतः कीबोर्ड बनून सर्व्हरला देतो. चालू-बंदच्या बटणाच्या तारा जोडल्यास तेही दाबतो. एफ-१ ची कळ अशा रीतीने बेळगावातूनच दाबता आली असती.

या तत्त्वाचे थोर उदाहरण आकाशात आहे. १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर-१ यानाकडून नोव्हेंबर २०२३ पासून अर्थहीन संदेश येऊ लागले. यान सुमारे २,४०० कोटी किलोमीटर दूर. संदेश पोहोचावयास साडेबावीस तास लागत. माहिती जुळविणाऱ्या संगणकाची एक चिप निकामी झाली होती. आज्ञा घेणारा संगणक मात्र निराळा असल्याने शाबूत होता. त्याच्याच द्वारे अभियंत्यांनी बिघडलेल्या भागातील प्रोग्रॅम अन्यत्र हलविला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजेल असे बोलू लागले.

तथापि परसदार उघडे टाकले तर चोरालाही तीच वाट सापडते. आयपीएमआयमधील गंभीर उणिवा डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने २०१३ साली उघड केल्या. सबब हे दार थेट इंटरनेटवर ठेवू नये. व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेनेच तेथे जावे. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. परसदाराची वाट वेगळी असावी, म्हणजे त्यास निराळे सिमकार्ड आणि बॅटरीचा आधार असावा. पुढच्या दाराची तार तुटली असता परसदारही बंद पडले, तर त्याचा काय उपयोग?

त्या संस्थेने आता असे उपकरण बसविले आहे. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की वीज मुद्दाम घालवून ते महिन्यातून एकदा तपासले जाते. यंत्रे बिघडावयाचीच. ती बिघडल्यावर आत कसे शिरावयाचे, याचा विचार ती धड असतानाच करून ठेवावा. कारण त्यांत कोणा मुलाची शिष्यवृत्ती अडकलेली असते.